सामू

धात्रक शेठच्या काळात
ईटीपीचा खर्च ‘इतर’मध्ये जायचा:
चहा, गणपतीची वर्गणी, फिनेल आणि आम्ही.
लॉगबुक मी शनिवारी भरायचो,
आठवड्याचे आकडे एका बैठकीत,
सात-दोन, सात-चार,
मध्येच एखादा सहा-नऊ, खरं वाटावं म्हणून.
पेन बदलायचो. एवढी अक्कल होती.
पंप चालायचा फक्त पाहुणे आले की.
एरवी क्रोमचं पाणी, पिवळंधमक,
भिंतीखालच्या पाइपातून
रात्री साडेअकराला नंदिनीकडे निघायचं.
सातपूरला आम्ही तिला अजून नासर्डीच म्हणतो.
नाव बदललं तेव्हा वाटलं होतं,
आता तरी कोणी चौकशी करेल
तिला काय काय पाजलंय त्याची.

मग कंपनी विकली.
कोणी म्हणे जर्मन, कोणी म्हणे स्वीडिश.
पगाराच्या स्लिपवर नाव आलं
ते कोणालाच वाचता येईना.
पहिल्याच महिन्यात लिंडक्विस्ट बाई आल्या
(खैरनार त्यांना लिंबूकिस म्हणायचा),
थेट माझ्याकडे. असेंब्ली नाही, कँटीन नाही.
गुडघ्यावर बसून भिंतीखाली वाकल्या
आणि दुभाष्याकडून विचारलं,
हा पाइप कुठे जातो?
अकरा वर्षांत हे मला
कोणी विचारलं नव्हतं.
मी सांगून टाकलं.
गुरुवारी पाइपात सिमेंट भरलं.

खोटं कशाला बोलू, पैसा ओतला त्यांनी.
फिल्टर प्रेस नवा, मीटर नवा,
चुन्याची एक गोणी संपायच्या आत दुसरी हजर.
पिवळ्याचं हिरवं होईस्तोवर थांबायचं,
मग चुना, मग गाळ बसू द्यायचा,
हे सगळं मी पहिल्यांदा
घाई न करता केलं.
शेवटी काचेची टाकी. माझ्या पाण्यात सात मासे.
रविवारीसुद्धा जाऊन मोजून यायचो.
मुलगी तेव्हा नववीत.
तिच्या पुस्तकात पीएचला सामू म्हणायचे,
घरातल्याच कोणाचं नाव असावं तसं.
पप्पा, सामू बरा आहे का?
बरा आहे गं. जेवलास का विचारतो तुला.

तिसऱ्या वर्षी व्हिएतनामहून एक कोटेशन आलं.
नगामागे चार रुपये ऐंशी पैसे कमी.
मीटिंग वर झाली, मी खाली होतो.
आठ दिवसांनी कळलं, प्लेटिंग आता बाहेरून.
जुन्या टाक्या भंगाराच्या भावात
खैरनारनेच उचलल्या. आमचाच प्लेटर,
नाकाच्या पडद्याला क्रोमनं पाडलेलं भोक,
लग्नाकार्यात त्यातून काडी घालून
पोरांना हसवतो.
अंबडला भाड्याचा गाळा, नंबर सतरा.
भिंतीखाली पाइप त्यानं स्वतः बसवला.
माप विचारायला मलाच फोन केला होता.

सकाळी टेम्पो आमचे नग घेऊन जातो,
संध्याकाळी चमकवून आणतो.
इतके, की त्यात दाढी करावी.
यंदाच्या अहवालात छापून आलं:
नगामागे सांडपाणी एकसष्ट टक्के कमी.
मला ट्रॉफी मिळाली, काचेची, थेंबाच्या आकाराची.
स्क्रीनवरून लिंडक्विस्ट बाईंनी टाळ्या वाजवल्या.
मनापासून वाजवल्या.
स्क्रीनवरून वाकून बघता येत नाही,
त्याला त्या काय करणार.

खैरनारला म्हटलं, दोन गोण्या चुना पाठवू का?
तो म्हणाला, चुना पाठवशील, रेट पाठवशील का?
ते चार-ऐंशी कुणाच्या खिशातले, माहितीय ना?
मी गप्प बसलो. मग त्यानेच चहा मागवला.

वेंडरलाही आता लॉगबुक लागतं, बाहेरच्यांचा नियम.
त्याला आकडे जमत नाहीत.
शनिवारी सुटी झाली की मी जातो, स्टुलावर बसतो,
सात-दोन, सात-चार.
मध्येच एखादा सहा-नऊ.
पेन दोन नेतो.

मासे सात आहेत.
कालच मोजले.